चार आकडे



न्यू जर्सीतल्या माझ्या माझदा मियाटाच्या इंजिनाबद्दल सगळे विचारतात. मी चाकांबद्दल बोलतो. ब्रेकची धूळ अलॉयला चिकटते. चाकं थंड झाल्यावर वेगळ्या बादलीतल्या साबणपाण्याने धुवावीत. हवाही टायर थंड असतानाच तपासावी.

तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी असते. टायरची नक्षी नव्यासारखी राहते, रबर मात्र म्हातारं होतं. त्याचं वय टायरच्या बाजूवर छापलेलं असतं: २३१५ म्हणजे २०१५चा तेविसावा आठवडा.

गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या रबरावर. जीवही तिथेच टेकलेला असतो. आज घरी निघण्यापूर्वी आपापल्या गाडीचे ते चार आकडे जरूर वाचा.