शस्त्रक्रियेनंतरचे जगणे : कृत्रिम टाळूचा आधार



२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस हा रोग राज्यभर फैलावला. लोक त्यास 'काळी बुरशी' म्हणू लागले. मधुमेह आटोक्यात नसलेल्या व स्टिरॉइड घ्यावे लागलेल्या रुग्णांना त्याने विशेष ग्रासले. ही बुरशी रक्तवाहिन्या बंद पाडते, हाड मृत होते आणि प्राण वाचविण्यासाठी वरच्या जबड्याचा भाग काढावा लागतो. टाळूच्या कर्करोगातही हाच प्रसंग येतो.

टाळू म्हणजे तोंडाचे छत आणि नाकाची जमीन. तेथे पोकळी झाली की प्यालेले पाणी नाकातून बाहेर येते. श्वास नाकावाटे निसटत असल्याने 'बाबा' म्हटलेले 'मामा' ऐकू येते. असा मनुष्य फोन घेत नाही, पंगतीस बसत नाही. "जीव वाचला, आता दातांचे काय एवढे?" असे घरचे म्हणतात, मला ते मुळीच पटत नाही.

यावरील उपाय जुना आहे. टाळूचे छिद्र झाकणाऱ्या साधनाचे वर्णन फ्रेंच शल्यविशारद आंब्रोआज पारे यांनी सोळाव्या शतकातच केले होते. आजचा ऑब्चुरेटर कवळीसारखा असतो. पोकळीत बसणारा त्याचा भाग मोठा असल्यास आतून पोकळ ठेवतात, नाहीतर वजनाने तो खाली सुटतो. पहिली पट्टी शस्त्रक्रियेच्या वेळीच बसविता येते, परंतु त्यासाठी दातांचे माप आधी घ्यावे लागते. म्हणून शस्त्रक्रिया ठरताच प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दंततज्ज्ञांची भेट घ्यावी, असा माझा आग्रह आहे. लातूरचे दंत महाविद्यालय देवणीहून फार दूर नाही. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. जखम भरताना पोकळीचा आकार बदलतो, तेव्हा पट्टी वारंवार दुरुस्त करावी लागते. कायमचा ऑब्चुरेटर साधारणतः तीन ते सहा महिन्यांनी, किरणोपचार झाले असल्यास आणखी उशिरा बनवितात. या काळात तोंड उघडण्याचा व्यायाम सोडू नये. जबडा आखडला तर साधन आत घालणेच कठीण होते.

आपल्या घरांसाठी एक खास सूचना. आपण पाणी उकळून वापरतो. ते पूर्ण निवल्यावरच ऑब्चुरेटर त्यात धुवावा, कारण गरम पाण्याने अ‍ॅक्रिलिक वाकते. उपवास असला तरी तो रोज काढून स्वच्छ करावा आणि तपासणीस जाताना सोबत न्यावा. तो काढला की डॉक्टरांना आतील जखम थेट पाहता येते व रोग उलटला असल्यास लवकर कळते.