दार्जिलिंगच्या चहाची पारख

महाराष्ट्रांत चहा म्हटला म्हणजे दूध, साखर, आलें, गवती चहाचें पातें आणि चुलीवर खळखळां उकळलेला तांबूस रस, हेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. पुण्याच्या अमृततुल्यांत वेलदोडा कुटून, फडक्यांतून गाळून जो चहा पेल्यांत ओतला जातो, त्याची निंदा करण्याचें कांहींच कारण नाहीं. श्रमलेल्या माणसाला त्यानें हुशारी येते, आणि दोन माणसें समोरासमोर बसलीं असतां गोष्टींना रंगही चढतो. परंतु चहाच्या पानाला स्वतःचें असें कांहीं सांगावयाचें असेल, तर तें ह्या पेल्यांत ऐकूं येत नाहीं. टाळमृदंगांचा गजर सुरू झाला म्हणजे वीणा वाजतच असते. तिचा स्वर मात्र कानापर्यंत पोंचत नाहीं. तो स्वर ज्यांना ऐकावयाचा असेल त्यांनीं दूध व साखर घटकाभर बाजूस ठेवावीं आणि हिमालयाच्या उतारावर होणाऱ्या दार्जिलिंगच्या सुट्या पानाच्या चहाकडे वळावें.

प्रथम एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. वाण्याच्या दुकानांत जी दाणेदार चहापूड मिळते, ती बहुधा सी. टी. सी. पद्धतीची असते. दांतेरी रुळांमधून पान चिरडणें, फाडणें आणि वळणें ह्या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला हें नांव पडलें. आसामांतील आमगुरी मळ्यावर सर विल्यम मॅककर्चर ह्यांनीं १९३० च्या सुमारास हें यंत्र सिद्ध केलें. ह्या पुडीचा अर्क लवकर उतरतो, रंग दाट येतो आणि दुधापुढें ती हार जात नाहीं. म्हणूनच ती घरोघर गेली. दुसरी जुनी पद्धत ‘ऑर्थोडॉक्स’ ह्या नांवानें ओळखली जाते. तींत पान फाडीत नाहींत, नुसतें वळतात. गरम पाण्यांत तें पुन्हां उलगडलें म्हणजे त्याच्या शिरा, त्याची करवती कड, कळीवरील पांढुरकी लव, हें सारें दिसूं लागतें. दार्जिलिंगचा चहा ह्या पद्धतीनें होतो.

हें झुडूप दार्जिलिंगचें मूळचें नव्हे. तेथील सुपरिंटेंडेंट डॉ. आर्चिबाल्ड कॅम्बेल ह्यांनीं १८४१ सालीं कुमाऊंकडून आलेलें चिनी चहाचें बीं आपल्या राहत्या जागेजवळ लावून पाहिलें, व तें रुजलें. पुढें १८५० नंतरच्या दशकांत व्यापारी मळे उभे राहिले. आसामांतील मोठ्या पानाच्या जातीहून ही चिनी जात निराळी आहे. हिचें पान लहान, वाढ सावकाश, आणि थंडी सोसण्याची शक्ति अधिक. मळे सुमारें ६०० मीटरांपासून २००० मीटरांपर्यंतच्या उंचीवर, चालतांना पाय घसरावा अशा उतारांवर पसरलेले आहेत. तेथें तोडणी हातांनींच करावी लागते, आणि तें काम मुख्यतः बायका करतात. शेंड्याचीं दोन पानें व त्यांमधील कळी एवढेंच खुडावयाचें, असा दंडक आहे. एक किलो तयार चहा होण्यास चार ते साडेचार किलो ओला पाला लागतो. पेल्यांत चमचाभर टाकल्या जाणाऱ्या पानामागें किती वेळां बोटें चाललीं असतील, ह्याचा हिशेब ज्यानें त्यानें करून पाहावा.

खुडलेला पाला लांबट जाळ्यांवर पसरून खालून वारा सोडतात, आणि रात्रभर, म्हणजे चौदा ते अठरा तास, तो कोमेजूं देतात. नंतर तो यंत्रांत वळतात. वळतांना पेशी फुटून आंतील रस हवेला लागतो व पान तांबूस होऊं लागतें. व्यापारी ह्याला आंबवणें म्हणतात. पण इडलीचें पीठ आंबतें तसें येथें कांहींच घडत नाहीं. चिरून ठेवलेलें वांगें काळें पडतें, तीच ही क्रिया. ती केव्हां थांबवावयाची हें नाकानें ठरवावें लागतें. हिरव्या पाल्याचा उग्र वास जाऊन फळांसारखा सुवास येऊं लागला, कीं त्याच क्षणीं पान भट्टींत गेलें पाहिजे. थोडा उशीर झाला तर सुवास उडून जातो व नुसता रंग हातीं राहतो.

एकाच मळ्याचें, एकाच झुडपाचें पान वर्षांतून चार प्रकारें बोलतें, ही ह्या चहाची खरी मौज आहे. थंडीनंतर फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत जो पहिला बहर येतो त्याला ‘फर्स्ट फ्लश’ म्हणतात. ह्याचें पान हिरवट असतें, रस फिकट सोनेरी उतरतो, आणि चवींत कोंवळेपणा व किंचित् तुरटपणा असतो. वास एखाद्या रानफुलासारखा. दुधाच्या चहाची संवय असलेल्या माणसाला प्रथम वाटतें कीं आपणांस नुसतें ऊन पाणीच दिलें. दुसरा बहर मे-जूनचा. ह्याचा रस तांब्याच्या रंगाचा असतो, आणि त्यांत पिकलेल्या द्राक्षाची व मधाची आठवण करून देणारा जो गुण असतो त्याला ‘मस्कॅटेल’ असें नांव आहे. मस्कत नांवाच्या द्राक्षाच्या जातीवरून तें आलें आहे.

हा गुण येतो कोठून, ह्याचें उत्तर विलक्षण आहे. ह्या दिवसांत तुडतुडे व फुलकिडे ह्या कोंवळ्या पानांतील रस शोषतात. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ती कीडच. कापसावर ती दिसली तर तो फवारणीच्या तयारीला लागेल. परंतु चहाचें पान ह्या डंखांमुळें स्वसंरक्षणार्थ कांहीं सुगंधी द्रव्यें अधिक प्रमाणांत निर्माण करतें, आणि तींच पुढें पेल्यांत द्राक्षाचा वास घेऊन येतात. तैवानांतील ‘ओरिएंटल ब्यूटी’ नांवाच्या नामांकित चहाचेंही रहस्य हेंच आहे. जुलैपासूनचें पावसाळी पान विपुल व काळसर असतें, पण सामान्य. ऑक्टोबर-नोव्हेंबरांतील शारदीय चहा मऊ, गोडसर व कमी चंचल असतो. ज्यांना पहिला बहर फार नाजूक वाटतो त्यांनीं येथून आरंभ करावा, हें उत्तम.

आतां पारख कशी करतात तें पाहूं. कलकत्त्यांत चहाचे लिलांव १८६१ सालापासून होत आले आहेत. तेथील जे. थॉमस आणि कंपनी ह्या जुन्या दलालांच्या इमारतीचें नांव ‘नीलहाट हाऊस’ असें आहे. पूर्वीं बंगाल्यांत निळीचा व्यापार जोरांत होता, त्या निळीच्या बाजारावरून हें नांव राहिलें. नीळ गेली, चहा आला, नांव मात्र तेंच! पारख करण्याच्या खोलींत लांब मेजावर पांढऱ्या चिनी मातीचीं झांकणाचीं भांडीं ओळीनें मांडतात. प्रत्येकांत अडीच ग्रॅमांच्या आसपास चहा तोलून घालतात, उकळतें पाणी ओततात, आणि घड्याळ लावून ठरलेल्या मिनिटांनंतर रस पेल्यांत काढतात. उकललें पान उलट्या झांकणावर ठेवतात, म्हणजे कोरडें पान, ओलें पान व रस ही तिन्ही एका दृष्टीखालीं येतात. पारखी पुरुष चमचाभर रस घेऊन मोठ्यानें भुरका मारतो, क्षणभर तो जिभेवर खेळवितो आणि पिकदाणींत थुंकून पुढें सरकतो. एका दिवसांत असे शेंकडों पेले होतात.

भुरका मारूं नये असें घरोघर मुलांना शिकवितात; येथें तो मारलाच पाहिजे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच रुची कळतात. तुरटपणा हा तर रुचीपेक्षां तोंडाला होणारा स्पर्श आहे. बाकी ज्याला लोक चव म्हणतात तो बहुतेक वासच होय, आणि तो घशामागच्या वाटेनें नाकांत चढतो. भुरक्यानें रसाचा फवारा होऊन तो वास वर जातो. ज्याला खरें वाटत नसेल त्यानें नाक चिमटींत धरून एक घोट घ्यावा, आणि मग नाक सोडावें.

चहा काढण्याच्या ह्या रीतीला आंतरराष्ट्रीय प्रमाणही आहे. आय. एस. ओ. ३१०३ ह्या क्रमांकाचें तें प्रमाण १९८० सालीं निघालें. शंभर मिलिलिटर पाण्यास दोन ग्रॅम चहा व सहा मिनिटें, असें तें सांगतें. ब्रिटिश प्रमाणसंस्थेनें चहा करण्याविषयीं सहा पानांचा नियमग्रंथ काढला, म्हणून तिला १९९९ सालीं विनोदी ‘इग नोबेल’ पारितोषिक मिळालें. हंसण्यासारखें असलें तरी ह्यांत शहाणपण आहे. उत्तम चहा व्हावा हा त्या नियमांचा हेतूच नाहीं. दोन चहांची तुलना करतांना करणाऱ्याच्या हाताचा फरक मध्यें येऊं नये, एवढेंच त्यांना पाहावयाचें असतें.

घरीं पिण्यासाठीं इतकी कठोरता नको. दार्जिलिंगच्या पानाला सहा मिनिटें दिलीं तर तें कडू होतें. तीन मिनिटें पुष्कळ झालीं. एका मोठ्या पेल्यास अडीच-तीन ग्रॅम पान घ्यावें. चमच्याच्या मापावर विसंबूं नये, कारण हें पान फुललेलें असतें. एका चहाचा चमचा दुसऱ्याच्या निम्म्या वजनाचा भरतो. पाणी उकळून क्षणभर थांबावें. दार्जिलिंग शहर सुमारें २००० मीटर उंचीवर असल्यामुळें तेथें पाणी ९३ अंशांच्या सुमारासच उकळतें, तेव्हां पहिल्या बहराच्या कोंवळ्या पानाला त्याहून तप्त पाणी हवेंच असें नाहीं. पान मात्र पाण्यांत घालून चुलीवर कधींही उकळूं नये.

पाण्याविषयीं दख्खनच्या लोकांनीं विशेष सावध असावें. काळ्या खडकांतील विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. डाळ त्यांत शिजत नाहीं ही गृहिणींची तक्रार जुनीच आहे. अशा पाण्यांत चहाचा रस मंद, गढूळ होतो व वर तवंग धरतो. ज्या पाण्यांत डाळ लवकर शिजते, त्यांतच चहा करावा. दुधाचें म्हणाल तर त्यांतील प्रथिनें चहांतील तुरट द्रव्यांना बांधून टाकतात. आसामच्या दणकट चहाला तें मानवतें, दार्जिलिंगचा मात्र त्यांत जीवच जातो.

डब्यावर इंग्रजी अक्षरांची जी माळ असते तिला भुलूं नये. ‘एफ. टी. जी. एफ. ओ. पी.’ ह्या लांबलचक बिरुदावरून पान अखंड आहे कीं तुटकें, त्यांत कळ्या किती, एवढेंच कळतें. चवीची हमी त्यांत नाहीं. त्यांतील ‘ऑरेंज’ ह्या शब्दाचा नारिंगाच्या वासाशीं तर कांहींच संबंध नाहीं. मळ्याचें नांव, बहर, आणि तोडणीचें वर्ष हीं तीन जेथें लिहिलेलीं असतील तोच डबा घ्यावा, आणि पहिल्या बहराचा चहा वर्षाच्या आंत संपवावा.

एवढी खटपट कशासाठीं, असें कोणी विचारील. श्रीमंतांचा हा षोक आहे असें समजून पुष्कळजण हंसतातही. परंतु दार्जिलिंगच्या डोंगरांत काय चाललें आहे तें पाहिलें म्हणजे हंसूं मावळतें. १९९० च्या सुमारास ह्या मळ्यांत वर्षाला एक कोटी किलोंहून अधिक चहा होत असे. २०१७ सालीं तेथील आंदोलनांत १०४ दिवस बंद पाळला गेला, दुसरा बहर झाडावरच राहिला, आणि त्या वर्षीं उत्पन्न सुमारें ३२ लक्ष किलोंवर आलें. बंद उठला, तरी गेलेलीं गिऱ्हाइकें सर्व परत आलीं नाहींत. २०२४ सालीं कोणताही बंद नसतां उत्पन्न ५६ लक्ष किलोंच्या आसपासच राहिलें. पाऊस लहरी झाला, तरुण माणसें शहरांकडे जाऊं लागलीं, झुडपें म्हातारीं झालीं. पश्चिम बंगालांत चहाच्या मजुराचा रोज २०२३ सालीं २५० रुपये ठरला. चांगल्या दुकानांतील शंभर ग्रॅम पहिल्या बहराला ह्याहून अधिक पैसे पडतात.

कायद्यानें आपल्या परी काम केलें आहे. २००४ सालीं दार्जिलिंग चहाला भौगोलिक चिन्हाचें संरक्षण मिळालें. भारतांत असें संरक्षण मिळालेली ती पहिलीच वस्तु. ठरलेल्या ८७ मळ्यांबाहेरील चहा त्या नांवानें विकतां येत नाहीं. तरीही शेजारच्या नेपाळांतील चहा दार्जिलिंग म्हणून खपविला जातो, ही मळेवाल्यांची मोठी तक्रार आहे. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. नेपाळचा इलाम जिल्हा ह्याच डोंगरांना लागून आहे, हवा तीच, झुडूपही बहुधा तेंच. तेथील चांगला चहा खरोखरच चांगला असतो, आणि सरहद्द कोणत्या बाजूची हें केवळ जिभेवरून सांगणें अनुभवी पारख्यालाही पुष्कळदां कठीण जातें. तें काम शिक्क्याचें व दप्तराचें. चांगलें पान आणि पावसाळी पान, निगुतीनें केलेलें आणि घाईनें उरकलेलें, हा भेद मात्र शिक्क्याला कळत नाहीं; तो पिणाऱ्यालाच कळावा लागतो. ज्या गिऱ्हाइकाला तो कळत नाहीं तो नांवाला पैसे देतो, आणि नांवालाच पैसे मिळूं लागले म्हणजे दोन पानें व कळी हा दंडक पाळण्याचें मळेवाल्याला कारण उरत नाहीं. चौथें, पांचवें जाड पानही टोपलींत जाऊं लागतें, आणि वजन वाढतें.

कित्येक मळ्यांतील झुडपें शंभर वर्षांहून जुनीं आहेत. तीं उपटून नवीं लावणें हें काम एका हंगामाचें नव्हे. नव्या रोपाची भरघोस तोडणी हातीं येण्यास चार-पांच वर्षें लागतात, तोंवर ती जमीन कांहींच देत नाहीं, आणि उतारावरची माती धुपूं नये म्हणून माणसें मात्र रोज कामावर ठेवावीं लागतात.