स्त्रियांचें लेखन, चित्रपट आणि विद्यापीठ

स्त्रियांचें लेखन हा विद्यापीठांत शिकण्याचा स्वतंत्र विषय आहे, आणि त्याच्या जोडीला स्त्रियांनीं केलेले चित्रपटही अभ्यासावे, असें म्हटलें कीं अजूनही कित्येक सुशिक्षित घरांतून नाकें मुरडलीं जातात. वाङ्मय तें वाङ्मय. त्यांत हा पंक्तिभेद कशाला, असें विचारण्यांत येतें. प्रश्न रास्त आहे. मात्र नुसत्या तर्कानें त्याचें उत्तर देण्यापेक्षां विदर्भांतलींच दोन माणसें पाहावींत हें बरें.

नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें. १९२६ सालीं अमरावतीच्या कुसुम जयवंत यांनीं त्याची पदवी घेतली. पुढें लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजांतून इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेऊन त्या परतल्या. १९२९ त कवि अनिल यांच्याशीं विवाहबद्ध झाल्या, आणि १९३१ पासून नागपुरांत इंग्रजी शिकवूं लागल्या. त्याच कुसुमावती देशपांडे. वर्गांत इंग्रजी ग्रंथकार शिकवावे आणि घरीं येऊन मराठी कथा लिहाव्या, असा त्यांचा दुहेरी संसार होता. ‘दीपकळी’, ‘मोळी’ हे त्यांचे कथासंग्रह. ‘मराठी कादंबरी : पहिलें शतक’ हा त्यांचा समीक्षाग्रंथ. १९६१ सालीं ग्वाल्हेरच्या मराठी साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें. या संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. आणि त्या पहिल्याच स्त्री-अध्यक्ष! त्र्याऐंशीं वर्षांचा हा विलंब लेखिकांच्या दुष्काळामुळें झाला, असें म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्या निवर्तल्या.

आतां दुसरें माणूस. कुसुमावतींच्या जन्मापूर्वी बावीस वर्षें, म्हणजे १८८२ सालीं, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें लहानसें पुस्तक पुण्यास छापलें गेलें. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. निमित्त असें घडलें कीं, १८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेस अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. पुढें ती सौम्य करण्यांत आली, परंतु तेवढ्यानें वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्याचा पंचनामा सुरू झाला. ताराबाईंनीं त्याला उत्तर दिलें. जे दोष स्त्रियांच्या माथीं मारतां, ते पुरुषांत नाहींत काय, असा त्यांचा सरळ सवाल होता. भाषा घरगुती, धारदार आणि मुळींच न भ्यालेली. जोतीराव फुल्यांनीं ‘सत्सारां’त त्यांची बाजू उचलून धरली. एरव्हीं विरोधच फार झाला. ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं, आणि हेंही विस्मृतींत गेलें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां प्रसिद्ध केलें, तेव्हां त्र्याण्णव वर्षें उलटलीं होतीं. तें पाहावयास कुसुमावती हयात नव्हत्या. ज्या प्रांतांत हें पुस्तक लिहिलें गेलें, त्याच प्रांताच्या विद्यापीठांतून विद्यार्थ्यांच्या किती तरी पिढ्या त्याचें नांवही न ऐकतां बाहेर पडल्या. पंक्तिभेदाबद्दल विचारणारांनीं हें ध्यानांत घ्यावें. ज्या पंक्तींत पानच मांडलें गेलें नाहीं, तेथें भेद कोणी केला?

चित्रपटाच्या बाबतींत गोष्ट आणखी अवघड आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रां’त, १९१३ सालीं, तारामतीचें काम अण्णा साळुंके या पुरुषानें केलें, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु अंधारांत बसून फिल्मला भोकें पाडणाऱ्या, रसायनें कालवणाऱ्या आणि साऱ्या मंडळीचा स्वयंपाकही सांभाळणाऱ्या सरस्वतीबाई फाळके किती जणांस ठाऊक असतात? लिहिलेलें पुस्तक निदान कोठें तरी सांपडतें. असें काम नुसतें हवेंत विरून जातें.

आणि ज्यांना लिहितांच येत नाहीं त्यांचें काय? या प्रश्नापाशीं सुमित्रा भावे येऊन पोंचल्या. पुण्यांत समाजकार्याचें अध्यापन करणाऱ्या या बाईंनीं चित्रपटाचें रीतसर शिक्षण घेतलें नव्हतें. स्त्रियांविषयींचें संशोधन त्या स्त्रियांपर्यंतच पोंचत नाहीं, ही खंत त्यांच्या मनांत होती. म्हणून १९८५ सालीं त्यांनीं झोंपडपट्टींतील एका स्त्रीच्या जीवनावर ‘बाई’ हा लघुचित्रपट केला, आणि त्यास राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. संशोधकाचा अहवाल वाचण्यास अक्षरओळख लागते. पडद्यावरचें आपलें जिणें ओळखण्यास ती लागत नाहीं.

अभ्यासाची खरी गोडी मात्र दोन्ही कृति शेजारीं ठेवल्यावर लागते. एकीकडे ताराबाईंचें पुस्तक. दुसरीकडे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा १९९५ चा ‘दोघी’. त्यांतील खेड्यांतली गौरी. लग्नाच्या दिवशींच तिच्यावर आकाश कोसळतें. पुढें मुंबईंत तिला देहविक्रय करावा लागतो. तिच्या पैशावर घर चालतें. पण ती घरीं येते, तेव्हां तीच घराचा कलंक ठरते. ताराबाई असत्या तर त्यांनीं या घराला चार खरमरीत प्रश्न विचारले असते. चित्रपट प्रश्न विचारीत नाहीं. तो आईचा चेहरा दाखवितो. उत्तरा बावकरांनीं उभी केलेली ती आई लेकीचा पैसा घेते आणि लेकीकडे पाहत मात्र नाहीं.