बागेतली गाडी आणि पाण्याची नळी

(आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



कट्ट्यावर आजवर मधुमेह, मृत्युपत्र आणि म्युच्युअल फंड या विषयांवर भाषणे झाली. मला सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही बँकेवर बोला. बँकेवर मी सगळी नोकरीभर बोललो. आज खेळण्यातल्या गाडीवर बोलतो.

2018 साली आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी इंग्लंडला लेकीकडे गेलो होतो. बर्मिंगहॅमच्या बाजूला तिचे घर आहे, मागे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद बाग. बाग म्हणजे हिरवळ आणि कडेला गुलाब. नातू तेव्हा बारा वर्षांचा. मराठी सगळे समजायचे, पण उत्तर इंग्रजीत, तेही एका शब्दाचे. पहिले तीन आठवडे "ओके" आणि "फाइन" एवढ्यावरच आमचा संवाद होता.

त्या देशात बागेत छोटी रेल्वे बांधण्याचा छंद फार जुना आहे. आपल्यापैकी काहींनी पुण्याला कोथरूडचे जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहिले असेल. ते छपराखालचे काम, बारीक आणि नाजूक. बागेतली गाडी मोठी असते, पावसात भिजते, पालापाचोळ्यातून जाते. जावयाला त्यांच्या ऑफिसातल्या एका निवृत्त माणसाकडून जुने वाफेचे इंजिन आणि चार डबे मिळाले. बॉयलर खरा, आत पाणी, खाली लायटरमध्ये असतो तसल्या गॅसची शेगडी. ते खोके टेबलावर उघडले आणि नातू पहिल्यांदा माझ्या शेजारी येऊन बसला.

या गाड्यांचे एक माप मला फार आवडले. खऱ्या एका फुटाला सोळा मिलिमीटर. म्हणजे दोन फुटी नॅरोगेज लाइन असेल तर रुळांमधले अंतर बत्तीस मिलिमीटर. आता दोन फुटी लाइन म्हटल्यावर नेरळ-माथेरान सोडून मला दुसरे काय आठवणार? 1907 साली पीरभॉय मंडळींनी बांधलेली, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत वर जाणारी. आमचे लग्नानंतरचे पहिले फिरणे माथेरानलाच झाले. मी तिथल्या तिथे जाहीर केले की आपण माथेरान बांधायचे.

कागदावर मी जे काढले ते काय सांगू! नागमोडी घाट, बोगदा, दोन स्टेशने, गाड्या एकमेकींना ओलांडतील असे फाटे. सौ. म्हणाली, "घर कुठे राहिलं यात?" नातवाने मात्र इंजिनाबरोबर आलेली पुस्तिका वाचली होती. तो म्हणाला, यात लिहिलंय की रूळ सपाट पाहिजेत. मी म्हणालो, माथेरानला वीस फुटांना एक फूट चढ आहे, आणि ती गाडी शंभर वर्षे चालली आहे. आजोबांना शिकवू नकोस, असेही म्हणालो. हे सांगताना आज बरे वाटत नाही, पण म्हणालो.

बागेला घरापासून कुंपणाकडे उतार होताच. असेल फूटभर, असे मी नजरेने ठरवले. जमिनीवर फळ्या टाकल्या, त्यावर रूळ खिळवले आणि मे महिन्यातल्या एका रविवारी चाचणी घेतली. इंजिन चार डबे घेऊन चढावर मध्येच थांबले, चाके जागच्या जागी फिरू लागली. मी पुढे होऊन वाफेचा खटका जास्त उघडला. गाडी कशीबशी वर गेली, वळली आणि उताराला लागली. या साध्या इंजिनात आत ड्रायव्हर नाही, हातात रिमोट नाही. वाफ एकदा जेवढी सोडली तेवढीच. आम्ही ओरडेपर्यंत गाडी खालच्या वळणावर रूळ सोडून कुंपणावर आदळली. धुराडे वाकले, एका डब्याची बाजू फुटली, आणि शेगडी पेटलेलीच होती. जावयांनी पाण्याचा झारा उलटा केला म्हणून बरे.

माथेरानच्या गाडीला डब्याडब्यावर ब्रेक लावणारी माणसे असायची, हे मला त्या क्षणी आठवले. म्हणजे अर्ध्या मिनिटाने उशिरा.

नातू काही बोलला नाही. खोलीत निघून गेला. पुढचे आठ दिवस पुन्हा "ओके" आणि "फाइन".

मंडळी, मी बँकेत अनेकांची कर्जप्रकरणे परत पाठवली. शेरा ठरलेला असे: जागेची प्रत्यक्ष पाहणी केलेली दिसत नाही. आणि इथे मी स्वतः टेप न लावता काम सुरू केले होते. नवव्या दिवशी त्याच्या दारावर टकटक केली आणि सांगितले, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. आता मोजू या. तो म्हणाला, "कशाने?" हा त्याचा पहिला मराठी प्रश्न.

इथे आपल्या सोसायटीचा संबंध येतो. जुन्या सभासदांना आठवत असेल, आपल्या इमारतीची जोती भरत होती तेव्हा मी दर रविवारी साइटवर येऊन बसायचो. मिस्त्री आणि त्यांचा पोऱ्या पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना उभे राहायचे आणि पाणी स्थिरावले की खडूने खूण करायचे. ना दुर्बीण, ना यंत्र. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते, संपले. एवढी मोठी तीन मजली इमारत त्या नळीवर उभी आहे. मी दुकानातून पंधरा मीटर नळी आणली. एक टोक नातवाकडे, एक माझ्याकडे. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकते, ते त्याने दुसऱ्याच फेरीत पकडले. उतार निघाला बारा मीटरला साठ सेंटिमीटर. म्हणजे वीसला एक. बागेने मला तंतोतंत माथेरान दिले होते, फक्त ते चालणारे नव्हते.

मग नवा आराखडा नातवाने काढला. बोगदा नाही, घाट नाही. आठ मीटर लांब आणि दोन मीटर चाळीस रुंद असा एकच लांबट फेरा, सगळा एका पातळीत, आणि एक छोटा फाटा. वळणाची त्रिज्या एक मीटर वीस. वळण जितके मोठे तितके चाक कमी घासते, म्हणून रुंदीत काटकसर करायची नाही असे ठरले. रुळांचे तुकडे तिथे एक यार्डाचे मिळतात, हिशेबाने एकवीस लागले. घराच्या बाजूला रूळ जमिनीवर आणि कुंपणाकडे चाळीस सेंटिमीटर उंच. त्याचा मला वेगळा फायदा झाला, त्या टोकाला गुडघे न वाकवता काम करता आले.

खणणे मात्र आले. तिथली माती चिकणमाती, ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा. पंधरा सेंटिमीटर चर, त्यात विटांचे तुकडे आणि खडी ठोकून, वर सिमेंटचे ठोकळे, त्यावर काँक्रीटची पट्टी. दर ठोकळ्याला पाण्याची नळी. रुळांच्या जोडांत थोडी फट ठेवली, कारण दहा मीटर रूळ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत सहा-सात मिलिमीटर वाढतो. सौ.ने कडेने थाइम लावला. ओव्याच्या भावकीतला वास येतो, पाने इतकी बारीक की गाडीशेजारी झुडपांसारखी दिसतात. खर्च अंदाजाच्या दुप्पट झाला. जावई काही बोलले नाहीत, मीही व्हाउचर मागितले नाही.

सप्टेंबरात, आमच्या परतीच्या चार दिवस आधी, गाडी सुटली. धुराडे आम्ही पक्कडीने सरळ केले होते, तरी किंचित तिरकेच. खटका एकदा लावला आणि कोणी हात न लावता गाडी पंचवीस मिनिटे फिरली. मध्ये एका गोगलगाईवरून चाके घसरली तेवढीच.

पुढच्या फेब्रुवारीत नातवाचा व्हिडिओ कॉल आला. थंडीने जमीन गोठून कुंपणाकडचा कोपरा वर उचलला होता. त्या कोपऱ्यात शेवटी खडी कमी पडली होती आणि मी "चालेल" म्हटले होते, ते त्याच्या बरोबर लक्षात होते. नळी त्याने आधीच भरून ठेवली होती, दुसरे टोक आईच्या हातात. "आजोबा, पाच मिलिमीटरचा फरक आहे. चालेल का?" मी म्हणालो, नाही चालणार. तो म्हणाला, मलाही तसंच वाटलं.

फोटो ज्यांना पाहायचे त्यांनी चहाच्या वेळी घरी यावे. आणि जाता जाता: बी विंगच्या मागे, पंपाच्या खोलीशेजारी जी पट्टी रिकामी पडली आहे, ती मी नळीने मोजली आहे. अकरा मीटर लांब, उतार फक्त चार सेंटिमीटर. तिथे स्कूटर लावायच्या असे काही सभासदांचे म्हणणे आहे, ते मी ऐकले आहे. माझा अर्ज सेक्रेटरींकडे दिलेला आहे, सोबत आराखडा जोडला आहे, आणि या वेळी जागेची पाहणी केलेली आहे.