लिनक्सची बेगमी



वर्षाच्या धान्याची बेगमी करणाऱ्या घरांत पेठेंतून पोतीं एकदम आणणें हें एक काम, व रोजच्या स्वयंपाकापुरतें निवडून काढणें हें दुसरें. हीं कामें निराळीं आहेत, हें गृहिणीला सांगावें लागत नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र हा भेद आपण विसरतों.

लिनक्सच्या अनेक वितरणांपैकीं डेबियन हें एक जुनें वितरण. त्याचा आरंभ इयान मर्डॉक यांनीं १९९३ सालीं केला. त्यांतील प्रत्येक प्रोग्राम 'पॅकेज' नांवाच्या बांधलेल्या गठ्ठ्याच्या रूपानें येतो. हे गठ्ठे आणणारा कारभारी म्हणजे 'अॅप्ट'; १९९९ सालच्या २.१ या आवृत्तींत तो दाखल झाला. त्याला 'अपडेट' म्हटलें कीं तो केवळ याद्या ताज्या करतो. 'अपग्रेड' म्हटलें कीं नवे गठ्ठे आणतो आणि बसवितोहि. परंतु या दुसऱ्या आज्ञेस 'डाउनलोड-ओन्ली' एवढी पुस्ती जोडली, तर तो सारे गठ्ठे कोठारांत ठेवून थांबतो. पुढें सवडीनें ते बसवितां येतात.

आतां समजा, एका शाळेंत वीस संगणक आहेत आणि जोडणी मंद आहे. प्रत्येकानें पांचशें मेगाबाइट स्वतंत्रपणें उतरविले, तर दहा गिगाबाइट होतात. 'अॅप्ट-कॅशर-एनजी'सारखें भांडार एका संगणकावर उघडून बाकीच्यांनीं त्याच्याकडून घेतले, तर बाहेरून पांचशेंच येतात. पण प्रश्न केवळ खर्चाचा नाहीं. काम कंटाळवाणें झालें कीं तें लांबणीवर पडतें, आणि जाहीर झालेलें छिद्र उघडें राहतें. एप्रिल २०१४ मध्यें 'ओपनएसएसएल'मधील 'हार्टब्लीड' हा दोष प्रसिद्ध झाला. त्यामुळें सर्व्हरच्या स्मृतींतील गुप्त मजकूर परक्यास वाचतां येत होता. दुरुस्ती दोषाच्या घोषणेबरोबरच निघाली होती; ज्यांनीं ती बसविली नाहीं, त्यांचें दार पुढेंहि उघडेंच राहिलें.

शेजारच्या संगणकाकडून आलेल्या मालावर विश्वास कसा ठेवावा, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. डेबियनची योजना अशी कीं, 'रिलीज' नांवाच्या पत्रकावर सांकेतिक सही असते. त्या पत्रकांत याद्यांचे ठसे असतात आणि याद्यांत प्रत्येक गठ्ठ्याचा ठसा असतो. गठ्ठ्यांतील एक अक्षर बदललें तरी ठसा जुळत नाहीं, व अॅप्ट तो माल नाकारतो. २००७ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून ही पारख डेबियनमध्यें रूढ आहे. म्हणून माल कोणाच्या हातून आला हा प्रश्न गौण ठरतो. विश्वास वाहणाऱ्यावर नसून सहीवर असतो. मात्र गठ्ठे आपल्या हातानें थेट कोठारांत टाकूं नयेत. ते अॅप्टच्या मार्फतच यावेत, म्हणजे पारख चुकत नाहीं.

सहीलाहि एक मर्यादा आहे. माल कोणी पाठविला हें ती सांगते. तो निर्दोष आहे असें ती सांगत नाहीं. मार्च २०२४ मध्यें 'एक्सझेड' या संकोचन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घातलेलें चोरदार आंद्रेस फ्रॉइंड यांच्या नजरेस आलें. दूरच्या संगणकांत प्रवेश करण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या खुणेवरून त्यांनीं शोध घेतला. तो माल डेबियनच्या चांचणीच्या शाखांत रीतसर पोंचला होता. स्थिर शाखा मात्र बचावली.

तेव्हां व्यवहार असा ठेवावा: शाखा स्थिर निवडावी, सुधारणा एकदम उतरवाव्या, प्रथम एकाच संगणकावर बसवून काम नीट चालतें कीं नाहीं तें पाहावें, आणि मग सर्वत्र बसवाव्या. या पाहणीस एखाददुसरा दिवस पुरे. संरक्षणाची दुरुस्ती कोठारांत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर ती न आणल्यासारखीच होय.