आजीचे चरित्र
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त तेलगाव परिसरातील श्रोत्यांपुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी मिशनऱ्यांचे, बांधलेल्या मंदिराचे आणि उघडलेल्या शाळांचे स्मरण व्हावयाचेच, आणि ते माझ्याआधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. मला आज आजीविषयी बोलावयाचे आहे. कोणाची आजी, असे आपण विचाराल. प्रत्येकाची, परंतु प्रत्येकीविषयी बोलणे म्हणजे कोणाविषयीच न बोलणे होय, म्हणून एका आजीचे चरित्र मी मुख्यत्वे सांगणार आहे.

प्रथम पवित्र ग्रंथाकडे पाहू. प्रभू येशूला आजी होती. तिचे नाव आपण सर्व जाणतो: संत ॲना. परंतु चारही शुभवर्तमाने चाळली तरी तिचे नाव कोठेही सापडत नाही. ते आपणांस दुसऱ्या शतकातील, पवित्र शास्त्रात समाविष्ट न झालेल्या एका जुन्या ग्रंथावरून मिळाले आणि ख्रिस्तसभेने ते प्रेमाने जपले. नव्या करारात आजीचा नावासह उल्लेख एकदाच येतो. संत पौल तीमथ्याला लिहिताना त्याच्या लोईस आजीच्या निष्कपट विश्वासाची आठवण देतो, आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळतो. ती कोणत्या घरात राहत असे, काय रांधत असे, नातवाला शास्त्र कसे शिकवीत असे, ह्याविषयी एक अक्षर नाही. परमगुरू फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांचा व वयोवृद्धांचा जागतिक दिवस म्हणून नेमून दिला, आणि तो २६ जुलैच्या संत ॲना व संत योआकीम ह्यांच्या सणाच्या जवळ ठेवला. दिवस मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. चरित्र मात्र अद्याप मिळावयाचे आहे.

आता आपल्या तेलगावाकडे येऊ. आपला हा मुलूख उसाच्या कारखान्याचा आणि त्याचबरोबर ऊसतोडीचाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गाड्याट्रॅक्टरांत बसून दूरच्या फडांवर निघून जातात. नवराबायको दोघे मिळून एक कोयता! माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने करणारा हा हिशेब मला नेहमीच टोचतो, असो. ती मंडळी उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. मग मागे गावात कोण उरते? आजी उरते. शाळेत जाणारी नातवंडे, एखादी शेळी, दाराचे कुलूप आणि दुकानदाराची उधारी, इतका सारा संसार ती सहा महिने एकटीने ओढते. सरकारने हंगामी वसतिगृहे काढली, तेथे काही मुलांची सोय होते हे खरे. परंतु रात्री ताप आलेल्या पोराच्या उशाशी बसणारे माणूस कोणत्याही योजनेत बसत नाही. ह्या आज्यांपैकी ज्या फार वृद्ध आहेत त्यांच्या बालपणी बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य गेले. पुढे १९७२ च्या दुष्काळात ह्याच बायांनी रोजगाराच्या कामांवर खडी फोडली. त्या सर्वांचे चरित्र कोठे लिहिलेले आहे? धर्मग्रामाच्या वहीत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशा तीन नोंदी असतात. ह्या तीन तारखांच्या मध्ये जे सत्तर-ऐंशी वर्षांचे आयुष्य गेले, त्यासाठी वहीत रकाना नाही.

म्हणून मी आज जिचे चरित्र लिहिले गेले अशी एक आजी आपणांपुढे ठेवतो. तिचे नाव लक्ष्मीबाई टिळक. ती कॅथलिक नव्हती, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतील होती, हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी कुजबुजावयास नको. मराठी ख्रिस्ती घरांतील आजी म्हणून तिच्यावर आपलाही हक्क आहे, असे मी मानतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. तिच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडात फाशी झाली होती, आणि त्या धक्क्याने तिच्या वडिलांच्या मनात सोवळ्याचे असे वेड शिरले की बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे; मीठसुद्धा त्यातून सुटले नाही! अशा घरातील ही मुलगी १८८० साली, बाराव्या वर्षाच्या आतबाहेर, नारायण वामन टिळक ह्या तरुण कवीला दिली. शाळा तिने पाहिली नव्हती. अक्षरओळख झाली ती घरी, पतीच्या हातून. पती विद्वान, प्रेमळ आणि विलक्षण चंचल. कधी घर सोडून निघून जातील आणि कधी परत येतील ह्याचा नेम नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयाने नाशिक, पंढरपूर येथे काही वर्षे राहिल्या. पुढे पतीकडे अहमदनगरास आल्या, पण स्वतःच्या धर्माने राहावयाच्या अटीवर. चूल वेगळी, पाणी वेगळे! टिळकांनी तिच्यावर सक्ती केली नाही, ह्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आणि ह्याच ठिकाणी मला थोडे थांबावयाचे आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबापणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते. त्या विहिरीच्या वरच्या अंगाला उभी राहणारी अशी ही ब्राह्मणाची मुलगी होती. ती कोणाचे व्याख्यान ऐकून बदलली नाही. राहुरीस असताना तिने आपल्याशीच विचार केला की, जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसांच्या आकारातही भेद दिसला असता. तो तर दिसत नाही! मग तिने ठरविले की ह्यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, आणि घेतले. त्यानंतर १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे जात आधी गेली आणि धर्म मागाहून आला. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आपल्याकडे कित्येकदा तो उलटा असतो, आणि दुसरी पायरी यावयाची राहूनच जाते.

त्या काळच्या भयंकर दुष्काळात तिच्या घरात अनाथ मुले आली. ज्या बाईने परक्याच्या सावलीचा विटाळ मानला, तिनेच त्या मुलांना न्हाऊमाखू घातले, खरूज धुतली, जेवू घातले. पुढे प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यानंतरची काही वर्षे मुलाच्या नोकरीनिमित्त कराचीस, परमुलखात, नातवंडांच्या गलबल्यात गेली.

आता तिचे चरित्र लिहिले गेले कसे, ते ऐका. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईला म्हटले की, तुला काय आठवते ते सांग. आई सांगू लागली, लिहू लागली. आणि वडिलांच्या चरित्राचे साधन म्हणून जे आरंभिले त्यातून तिचेच चरित्र उभे राहिले! ‘स्मृतिचित्रे’ ह्या नावाने ते १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी ती वारली. १९५० साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. पुढे नातवाने, अशोक टिळकांनी, त्याची टीपांसह आवृत्ती सिद्ध केली. मुलाने विचारले आणि नातवाने जपले. शाळेत न गेलेल्या बाईचे पुस्तक आज मराठी गद्याच्या पहिल्या पंक्तीत बसते.

त्या पुस्तकात काय आहे? कोणी थोर पुरुष भेटले, कोठे सत्कार झाला, असले फारसे काही नाही. घरात पैसा नसताना चूल कशी पेटली, नवरा रागावला तेव्हा आपण काय उत्तर दिले, आपली फजिती कशी झाली, हे आहे. स्वतःला हसण्याची तिची हातोटी तर अपूर्वच. आपल्याकडे मृत मनुष्याचे चरित्र सांगताना त्याला इतके सोज्वळ करून टाकतात की त्याच्या घरच्यांनाही तो ओळखू येत नाही. लक्ष्मीबाईंनी पतीला देव केले नाही आणि स्वतःला देवी केले नाही. त्यामुळेच दोघांवरही वाचकाचे प्रेम बसते.

एक गोष्ट आणखी सांगतो, आणि ती कॅथलिक माणसाच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. आपले फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी ओवीछंदात रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. तीनशे वर्षांनी टिळकांनी प्रभूचे चरित्र पुन्हा ओवीत रचावयास घेतले, त्याचे नाव ‘ख्रिस्तायन’. दहा-अकरा अध्याय होतात न होतात तोच ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले! ग्रंथ छापून निघाला १९३८ साली. तेव्हा ती हयात नव्हती. जेझुइट पंडिताच्या ग्रंथानंतर ख्रिस्तचरित्राचा असा मोठा ओवीबद्ध ग्रंथ एका आजीच्या हातून पूर्ण झाला, ह्याचा मला तरी मोठा अभिमान वाटतो.

आता आपल्या आज्यांना ओव्या येत नाहीत असे कोणी म्हणेल, तर त्याने जात्याजवळ बसून पाहिलेले नाही इतकेच मी म्हणेन. जाती आता बहुतेक घरांत कोपऱ्यात पडली आहेत. पण ज्या बायांनी ती ओढली त्यांपैकी काही आज ह्या मंडपात पुढच्या रांगेत बसल्या आहेत.

म्हणून माझी तरुण मंडळाला एक विनंती आहे. देवदत्तांनी जे केले ते करा. तुझा विश्वास कसा आहे, असे एकदम आजीला विचारू नका. ती गप्प बसेल. तिला विचारा की, पहिल्यांदा गावाबाहेर कशासाठी गेलीस? बाहत्तरच्या दुष्काळात काय खाल्लेस? विहिरीवर कोण अडवीत असे? कोयत्यावर गेलीस तेव्हा तान्हे कोठे निजविलेस? लॅटिन मिस्सा जाऊन मराठी मिस्सा आली, तेव्हा पहिले कोणते शब्द तुला समजले? ती जसे बोलेल तसेच लिहा, तिच्या बोलीत. शुद्ध करू नका. तिने कोणाची निंदा केली तर तीही तूर्त लिहून ठेवा; छापावयाचे की नाही ते मागाहून फादर पाहतील.

वह्या मी आणल्या आहेत, त्या मंडपाच्या दाराशी ठेवल्या आहेत. ह्या खेपेस दसरा महिन्यावर आला आहे. ज्यांना फडावर जावयाचे आहे त्यांनी जाण्यापूर्वी दोन संध्याकाळी आईजवळ बसावे. आणि जी मुले मागे राहतील त्यांच्यापाशी तर आजी आहे आणि सहा महिन्यांच्या रात्री आहेत.