घरात वीज तीन वाटांनी येते
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा गोषवारा)



ब्रह्मघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत पिढ्यानपिढ्या नांदलेल्या आपल्या मराठी घरांत विजेविषयीचा उपदेश एका वाक्यात आटोपत असे : "आधी मेन स्विच बंद कर." तो उपदेश आज अपुरा ठरला आहे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

वीज जाण्याच्या सवयीमुळे काशीत जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी केव्हाच आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. तीन किलोवॉटच्या संचास केंद्राकडून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरले आणि गच्च्यांवर सौर पॅनेलेही दिसू लागली. म्हणजे घरात वीज आता तीन वाटांनी येते : रस्त्यावरून, गच्चीवरून आणि जिन्याखालून. मेन स्विच अडवितो ती केवळ पहिली वाट.

सूर्याला बटण नसते. ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारांत दाब असतोच. एका पॅनेलचा दाब चाळीस-पन्नास व्होल्ट. परंतु आठ पॅनेले एका माळेत जोडली की तो ३०० व्होल्टच्या वर जातो. शिवाय ही वीज डीसी. रस्त्यावरची एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी लवकर विझते. डीसीची ठिणगी जोड सुटल्यावरही हवेतून जळत राहते. म्हणून चालू संचाचा जोड कधीही ओढू नये. आधी इन्व्हर्टरची एसी बाजू, मग डीसी आयसोलेटर बंद करावा. आणि इन्व्हर्टरच्या पोटातील साठलेली वीज ओसरण्यास निर्मात्याने सांगितलेला अवधी थांबावे. एवढे करूनही पॅनेलपासून आयसोलेटरपर्यंतची तार दिवसा जिवंतच राहते. काशीच्या वानरांनी ती सोललेली दिसली, तर स्वतः टेप गुंडाळण्याचे धाडस न करता जाणत्या कारागिरास बोलवावे.

बॅटरीला आपण 'बाराच व्होल्टची' म्हणून कमी लेखतो. आमच्याच घरी तिचे जोड आवळताना पाना दोन्ही टोकांवर आडवा पडला आणि क्षणात तापून चिकटला. हात वाचला तो दैवाने. दाब अल्प असला, तरी अशा वेळी शेकडो अँपिअरचा लोंढा वाहतो. बोटात अंगठी असती तर बोट गेले असते. म्हणून अंगठी, बांगड्या, घड्याळ आधी उतरवावे आणि पान्याच्या दांड्यास रबरी वेष्टण असावे. पाण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. तिच्याजवळ निरांजन वा उदबत्ती नसावी. आम्ल उडाल्यास ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यांत गेल्यास धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

आणखी एक गोष्ट. गल्लीची वीज गेली की नियमाप्रमाणे बसविलेला संच आपली वीज बाहेर जाऊ देत नाही. परंतु कोणी हौसेने दोन्ही टोकांना प्लग लावलेली तार भिंतीच्या सॉकेटात खुपसली, तर ती वीज उलट खांबावर चढते. तेथे आपलाच अंधार घालविण्यासाठी चढलेला लाइनमन असतो, आणि त्याचीही घरी कोणी वाट पाहत असते.

तेव्हा मुलांना ते जुने वाक्य पूर्ण करून शिकवू या : आधी मेन स्विच, मग गच्ची, मग बॅटरी, आणि हात लावण्यापूर्वी मीटर. साध्या टेस्टरवर डीसीचा भरवसा धरू नये. गावापासून दूर राहणाऱ्या आपणांस एकमेकांचाच आधार आहे. तो अशा क्षुल्लक चुकीने गमावू नये, ही विनंती.